हिरव्या स्विमिंग पूलसकट बंगला घेतलाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्जत, लोणावळा, अलिबाग, नाहीतर गोवा. वीकएन्डसाठी जुना बंगला ठरतो, कागदपत्रं होईपर्यंत सहा-आठ महिने जातात, मध्ये एक पावसाळा उलटतो, आणि चावी हातात पडते तेव्हा मागच्या बाजूला हिरवंगार डबकं तयार असतं. असे पूल पदरात पडलेल्या मालकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. हिशोबासाठी सगळीकडे एकच पूल धरलाय: 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे 40,000 लिटर. तुमचा लहान-मोठा असेल तर त्या प्रमाणात आकडे बदला.

सगळं पाणी उपसून नवीन भरलं तर एका दिवसात काम होणार नाही का?

हा पहिला प्रश्न असतो आणि बहुतेक वेळा उत्तर "नको" असंच आहे. पुलातलं पाणी आतून भिंतींना आणि तळाला दाबून धरतं, बाहेरून जमिनीतलं पाणी दाबत असतं. कोकणात पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही महिने भूजल अगदी वर आलेलं असतं. अशा वेळी पूल रिकामा केला की खालचा दाब तळ उचलतो. टाइल्स सुटतात, काँक्रीटला तडे जातात. फायबरचा पूल असेल तर अख्खं भांडंच वर येऊ शकतं. काही पुलांच्या तळाला हा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो, पण बंद पडलेल्या पुलात तो चालू असेल यावर विसंबू नका.

शिवाय 40,000 लिटर म्हणजे दहा हजारी चार टँकर. मे महिन्यात गावाला प्यायला पाणी नसताना बंगल्याच्या फाटकात चार टँकर उभे राहिले की शेजाऱ्यांशी ओळख कशी होईल ते सांगायला नको. आणि इतकं करूनही पाइपात, फिल्टरच्या वाळूत, टाइल्सच्या सांध्यांत शेवाळ राहतंच. आठ-पंधरा दिवसांत नवं पाणीही हिरवं.

रिकामा करायची वेळ खरोखर येते ती पुलाचं बांधकाम दुरुस्त करायचं असेल तर, किंवा तळात कंबरेएवढा गाळ असेल तर. मग ते काम उन्हाळ्यात, विहिरीची पातळी खाली गेल्यावर, सिव्हिलचं काम कळणाऱ्या माणसाला दाखवून करा. फायबरचा पूल त्याच्या उत्पादकाला विचारल्याशिवाय रिकामा करूच नका.

मग सुरुवात कुठून करायची? कोणतं केमिकल आधी?

कोणतंच नाही. आधी पंपरूम.

पंपरूम बहुतेक वेळा अर्धी जमिनीखाली, ओलसर, आणि उंदरांनी वायरी कुरतडलेली असते. मेन स्विच बंद ठेवून इलेक्ट्रिशियन बोलवा. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, अर्थिंग आहे का, पाण्यातल्या दिव्यांना 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आहे का, हे तपासून घ्या. तो "चालतंय साहेब" म्हणाला तरी आरसीसीबीचं टेस्ट बटण स्वतः दाबून पाहा; स्विच पडला पाहिजे.

मग मोटरची जाळी. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक झाकणाची डबी असते, तिच्यात पानं, केस, कधी मेलेली पाल सापडते. झाकणाची रबरी रिंग वाळून कडक झाली असेल तर बदला. ती हवा ओढते आणि मोटर पाणीच उचलत नाही. "मोटर जळाली, नवीन घ्या" असा सल्ला मिळालेल्या कित्येक मोटरी या एका रिंगने चालू होतात.

मोटर फिरली, फिल्टरमधून पाणी परत पुलात येऊ लागलं, की मगच पुढचं. पाणी फिरत नसेल तर टाकलेलं केमिकल जिथे पडलं तिथेच राहतं आणि पैसे पाण्यात.

पानं आणि गाळ हाताने काढावाच लागतो का? क्लोरीनने जिरणार नाही?

काढावाच लागतो. क्लोरीनला शेवाळ, पान, मेलेला बेडूक हे सगळं सारखंच. तळाशी टोपलीभर आंब्याची पानं कुजत असतील तर तुमचं अर्धं क्लोरीन त्यांच्यावरच खर्च होईल. लांब दांड्याची खोल पिशवीची जाळी घ्या. वरचा तवंग काढायची चपटी जाळी इथे कामाची नाही. तळ दिसत नसल्यामुळे आंधळेपणाने, सावकाश ओढत राहावं लागतं. पाणी ढवळून आणखी घाण दिसेल, घाबरू नका. निघालेला गाळ क्लोरीन टाकण्याआधीचा असेल तर झाडांना उत्तम खत आहे.

गमबूट आणि रबरी हातमोजे घालूनच. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि त्याचे जंतू पायावरच्या साध्या खरचटलेल्या जागेतून शरीरात शिरतात. कामाला लावलेल्या माणसालाही हे द्या, स्वतःपुरतं नको.

पुलात साप आहे.

बहुधा दिवड असते, बिनविषारी. तरी ओळखण्याच्या फंदात पडू नका, गावातल्या सर्पमित्राला फोन करा. आत पडलेल्या प्राण्यांना उभ्या टाइल्सवरून बाहेर पडता येत नाही, म्हणून काम सुरू होईपर्यंत एक फळी तिरपी सोडून ठेवा. बेडूक तरी वाचतात.

काम सुरू व्हायला महिनाभर लागेल. तोवर डासांचं काय?

तोवर गप्पी मासे सोडा. बऱ्याच ठिकाणी नगरपालिकेच्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हिवताप विभागाकडे विचारलं तर मिळतात. उबदार हवेत डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे "पुढच्या महिन्यात बघू" म्हणजे डासांच्या दोन-तीन पिढ्या. क्लोरीन टाकायच्या आदल्या दिवशी मासे जाळीने काढून बागेतल्या टाक्यात हलवा. क्लोरीनमध्ये ते जगत नाहीत.

पाण्यात नेमकं काय मोजायचं?

चार गोष्टी: पीएच (पाणी आम्लाकडे झुकलंय की अल्काकडे), क्लोरीन, अल्कलिनिटी (पाण्याची पीएच स्थिर ठेवायची ताकद) आणि सायन्युरिक ॲसिड. शेवटचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं आणि नेमकं तिथेच गाडं अडतं. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

दुकानात स्वस्तात मिळणारा पिवळा रंग येणारा किट एकूण क्लोरीन दाखवतो. त्यातलं कामाचं किती आणि वापरून गेलेलं किती, ते कळत नाही. गुलाबी रंग येणारा, डीपीडी नावाच्या रसायनाचा किट घ्या. त्याची एक खोड माहीत असू द्या: क्लोरीन फार जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर येऊन उडून जातो आणि नळी पांढरी दिसते. माणसाला वाटतं क्लोरीन शून्य आहे, आणि तो आणखी एक कॅन ओततो. शंका आली तर पुलाच्या एक भाग पाण्यात चार भाग पिण्याचं बाटलीबंद पाणी मिसळून मोजा आणि आलेल्या आकड्याला पाचाने गुणा.

हिरव्या पुलाचा पीएच बहुधा 8 च्या वर गेलेला असतो, कारण शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं. पीएच 7.5 ला टाकलेल्या क्लोरीनपैकी साधारण निम्मं जोरकस रूपात असतं, 8 ला जेमतेम पाव. म्हणून क्लोरीनच्या आधी पीएच 7.2 च्या आसपास आणायचा. त्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड, मोटर चालू ठेवून, खोल बाजूला, बारीक धारेने. 40,000 लिटरला अर्ध्या लिटरने सुरुवात करा, तासाभराने मोजा, मग पुढचं. अल्कलिनिटी 80 ते 120 पीपीएम (म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम) हवी. कमी असेल तर खाण्याचा सोडा. आपल्या पुलात दर 10 पीपीएमसाठी सुमारे 675 ग्रॅम लागतो.

बाजारात चार प्रकारची क्लोरीन दिसतात. कोणतं घ्यायचं?

हिरवं पाणी साफ करायला पातळ हायपो घ्या, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, 10 टक्क्यांच्या आसपासचं, कॅनमध्ये मिळतं. ते थोड्या मिठाशिवाय मागे काही ठेवत नाही. फक्त ताजं घ्या. उन्हात दुकानाबाहेर महिनोन्महिने पडलेल्या कॅनमधला जोर निम्म्यावर आलेला असू शकतो.

कॅल्शियम हायपोक्लोराइट, 65 टक्केवालं, हेही चालतं. पण घाटमाथ्यावरच्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी आधीच जड असतं, त्यात आणखी कॅल्शियम गेलं की टाइल्सवर पांढरा थर धरतो. ब्लीचिंग पावडर विहिरीसाठी ठीक, पुलात तिचा चुना तळाशी बसतो आणि फिल्टर गच्च होतो.

राहिलं टीसीसीए 90 (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड), त्या पांढऱ्या गोळ्या किंवा दाणे. पूलवाले सर्रास हेच वापरतात, कारण वाहायला सोपं आणि टिकाऊ. पण टीसीसीएबरोबर सायन्युरिक ॲसिड पाण्यात जातं. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, म्हणून थोडं, 30 ते 50 पीपीएमपर्यंत, हवंच असतं. अडचण ही की ते उडून जात नाही, साचत राहतं. आपल्या 40,000 लिटरमध्ये 1 किलो टीसीसीए टाकलं की सायन्युरिक ॲसिड सुमारे 14 पीपीएमने चढतं. सात किलोत शंभरी गाठली. आणि ते जितकं जास्त, तितकं क्लोरीन बांधलेलं, सुस्त. आधीच्या मालकाच्या माळ्याने दर आठवड्याला इमानदारीने गोळ्या टाकल्या आणि तरी पूल हिरवा झाला, यात त्याचा दोष नाही, कोणी मोजलंच नव्हतं.

सायन्युरिक ॲसिड 100 च्या पुढे निघालं तर यावर स्वस्त औषध नाही, पाणी बदलणं हाच उपाय. पण एकदम नाही. एका वेळी तिसरा हिस्सा काढायचा, भरायचं, पुन्हा मोजायचं.

पंपरूममध्ये जुन्या मालकाच्या अर्धवट गोण्या आणि कॅन पडलेत. वापरून टाकू का?

नाही. हे उत्तर नीट वाचा. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडर एकत्र आले, तेही थोड्या ओलाव्यात, तर आग लागते, स्फोट होतो. हायपोत ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो आणि पंपरूमसारख्या कोंदट जागेत तो जीव घेऊ शकतो. दोन्ही पांढऱ्या पावडरी दिसायला सारख्याच. लेबल फाटलेली गोणी म्हणजे काय आहे ते माहीत नसलेली गोणी. तिला हात न लावता, दार उघडं ठेवून, केमिकल विकणाऱ्या जाणत्या माणसाला बोलवा. एका पावडरीचा मग दुसऱ्या पावडरीत घालायचा नाही, धुतलेला असला तरी. आणि पावडर नेहमी पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही.

हायपो किती टाकायचं, किती दिवस?

ढोबळ नियम: सायन्युरिक ॲसिड जितकं असेल त्याच्या 40 टक्के क्लोरीन. 30 असेल तर 12 पीपीएम, 50 असेल तर 20. ते शून्याच्या जवळ असेल तर क्लोरीन 10 पीपीएम धरून चाला. आपल्या पुलात 12 पीपीएम म्हणजे 480 ग्रॅम क्लोरीन, म्हणजे 10 टक्क्यांचं हायपो पाचेक लिटर. संध्याकाळी ऊन उतरल्यावर, मोटर चालू ठेवून, पाणी परत येतं त्या तोंडासमोर ओता.

इथे बहुतेकजण चुकतात ते असं: एकदा भरपूर टाकतात, चार दिवस वाट बघतात, काही होत नाही म्हणून पुन्हा भरपूर टाकतात. पहिल्या संध्याकाळी टाकलेलं 12 पीपीएम दोन-तीन तासांत 2 वर आलेलं असतं, कारण समोर शेवाळाची फौज आहे. चार दिवसांत उरलेलं शेवाळ पुन्हा वाढतं. म्हणून दिवसातून निदान तीनदा मोजायचं आणि जेवढं कमी झालं तेवढंच भरून पुन्हा 12 वर न्यायचं. आकडा पडू द्यायचा नाही, बस. एकूण हायपो तेवढंच किंवा कमीच लागतं. हे काम शनिवार-रविवारच्या फेऱ्यांत होत नाही. एक आठवडा सुट्टी काढा, नाहीतर तिथल्या राखणदार मामांना किट वापरायला शिकवा. ते दोन दिवसांत तरबेज होतात.

रोज सगळ्या भिंती आणि पायऱ्या ब्रशने घासा. शेवाळाच्या बुळबुळीत थरामागे क्लोरीन पोचत नाही. काचेच्या टाइल्स आणि फायबरला नायलॉनचा ब्रश, तारेचा नको. शिडीच्या मागची जागा आणि दिव्यांच्या खोबणी विसरू नका.

पाणी आधी गडद हिरवं, मग राखाडी-हिरवट, मग पातळ ताकासारखं पांढुरकं होतं. पांढुरकं झालं म्हणजे शेवाळ मेलंय, आता फिल्टरची पाळी. ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी असते आणि नेमकं इथेच लोक नवं केमिकल विकत घेतात.

काम संपलं हे ठरवायची परीक्षा सोपी आहे. रात्री अंधार पडल्यावर क्लोरीन मोजा, पहाटे ऊन यायच्या आत पुन्हा मोजा. घट 1 पीपीएमपेक्षा जास्त असेल तर पाण्यात खाणारं अजून कोणीतरी शिल्लक आहे, पाणी कितीही निळं दिसो.

फिल्टर चालू आहे, तरी पाणी साफ होत नाही.

फिल्टरच्या डोक्यावरचा दाबाचा काटा बघा. बॅकवॉश (फिल्टरमधून पाणी उलटं सोडून घाण बाहेर काढणं) मारल्यावर तो जिथे असतो तिथून 8 ते 10 पीएसआय चढला की पुन्हा बॅकवॉश. मेलेलं शेवाळ निघत असताना दिवसातून दोन-तीनदाही मारावा लागतो. काचेच्या नळीत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत बॅकवॉश, मग अर्धा मिनिट रिन्स, मग फिल्टरवर. हे बदलायला फिल्टरच्या व्हॉल्व्हची मूठ फिरवायची, आणि ती फिरवण्याआधी दर वेळी मोटर बंद. चालू मोटरीवर मूठ फिरवली की आतलं रबर फाटतं आणि घाण पाणी गुपचूप पुलात परत येत राहतं.

काटा चढतच नसेल आणि पाणी गढूळच असेल तर वाळू उघडून बघा. पाच-सात वर्षांनी ती गोल गुळगुळीत होते, मधेच गुठळ्या धरतात आणि पाणी वाट काढून निघून जातं. नदीची किंवा बांधकामाची वाळू भरू नका, फिल्टरचीच ठराविक जाडीची सिलिका वाळू लागते. मोटर या काळात चोवीस तास चालू ठेवा.

बॅकवॉशचं क्लोरीनयुक्त पाणी ओढ्यात किंवा शेजाऱ्याच्या भातात सोडू नका.

तुरटी फिरवली तर?

चालते, पण शेवाळ मेल्यानंतर. जिवंत शेवाळावर तुरटी वाया जाते. प्रमाण बादलीभर पुलाच्या पाण्यात करून बघा, मगच पुलात. तुरटी विरघळवून टाकायची, फिल्टरला वळसा घालून पाणी थोडा वेळ फिरवायचं, मग रात्रभर मोटर बंद. सकाळी सगळं तळाशी मऊ गालिच्यासारखं बसलेलं असतं. पाय न टाकता, अगदी हळू व्हॅक्यूम करायचं आणि ते पाणी फिल्टरमधून न नेता वेस्टवर ठेवून थेट बाहेर काढायचं. फिल्टरमधून नेलंत तर वाळू चिकट होऊन बसेल. तुरटीने पीएच आणि अल्कलिनिटी उतरते, नंतर मोजा.

इथला पूलवाला म्हणतो मोरचूद टाका, दोन दिवसांत निळं होईल.

होईल. मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांबं शेवाळाला मारतं हे खरंच आहे. शिवाय त्याचा स्वतःचा रंगच निळा, त्यामुळे पाणी लगेच छान दिसतं. पण तांबं जंतूंचं काम नीट करत नाही आणि पाण्यातून जातही नाही. पुढे पीएच चढला की ते टाइल्सच्या सांध्यांत हिरवट-काळे डाग बनून बसतं आणि गोऱ्या किंवा रंगवलेल्या केसांना हिरवी झाक देतं. माझ्या मते आधीच कोणी मोरचूद टाकलेला पूल साफ करण्यापेक्षा नुसता हिरवा पूल साफ करणं सोपं आहे.

पाणी आरपार दिसतं, पण रंग हिरवट किंवा चहासारखा आहे.

मग ते शेवाळ नाही, धातू आहे. हिरवट-निळसर असेल तर तांबं. तांबूस असेल तर लोखंड, आणि जांभ्या दगडाच्या भागातल्या विहिरींत ते बऱ्याचदा असतं. क्लोरीन पडलं की विरघळलेलं लोखंड गंजून रंग धरतं. आणखी क्लोरीन टाकून उपयोग नाही. दुकानात धातू बांधून ठेवणारं रसायन मिळतं, आणि फिल्टर बराच चालवावा लागतो. पुढच्या वेळी पूल भरण्याआधी बोअरच्या बादलीभर पाण्यात दोन थेंब हायपो टाकून तासभर ठेवा, काय भरताय ते कळेल.

तळावर डाग असेल तर त्यावर क जीवनसत्त्वाची गोळी घासा. फिकट झाला तर लोखंड. काळे ठिपके सांध्यांत रुतलेले, घासले तरी डोकं वर काढणारे असतील, तर ते काळं शेवाळ. तिथे ताठ ब्रशने वरचं कवच फोडून क्लोरीन वर ठेवत आठवडे घालवावे लागतात.

मुलं कधी उतरू शकतात?

तळावरच्या मेन ड्रेनची जाळी काठावरून स्पष्ट दिसली पाहिजे. गढूळ पाण्यात बुडणारं मूल दिसत नाही, म्हणून ही अट सगळ्यात वरची. ती जाळी घट्ट बसलेली आणि न फुटलेली आहे ना, तेही बघा. फुटलेली जाळी केस आणि हात ओढून धरते. त्यानंतर क्लोरीन 1 ते 3 पीपीएमवर उतरलेलं, पीएच 7.2 ते 7.6. पहिले काही दिवस डोळे चुरचुरले तर क्लोरीन जास्त झालं असं लगेच समजू नका. बहुधा पीएच चुकलेला असतो, किंवा वापरून गेलेलं क्लोरीन साचलेलं असतं.

आम्ही महिन्यातून दोनदाच जातो. पुन्हा हिरवं होऊ नये म्हणून काय ठेवायचं?

मोटरला टायमर, दिवसाला सहा ते आठ तास. तरंगत्या डब्यात टीसीसीएच्या गोळ्या चालतील, पण सायन्युरिक ॲसिड दर दोन महिन्यांनी मोजा आणि 50 ओलांडलं की हायपोवर या. काठावरच्या झाडाच्या फांद्या छाटा; आंबा, जांभूळ, गुलमोहर पुलावर झुकलेले असतील तर जाळीचं आच्छादन टाका. पावसाळ्यात पाणी ओसंडून वाहतं, क्लोरीन आणि अल्कलिनिटी दोन्ही पातळ होतात, म्हणून जून ते सप्टेंबर दर आठवड्याला मोजणी हवीच. मामांना सांगा, दर सोमवारी किटच्या नळीचा आणि मेन ड्रेनचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा. फोनवर "पाणी एकदम मस्त आहे" हे उत्तर ऐकून फोन ठेवू नका.

आणि वीज जाऊन आली की साध्या, बॅटरी नसलेल्या टायमरचं घड्याळ तेवढं मागे पडतं. पावसाळ्याच्या शेवटी मोटर रात्री दोनला सुरू होत असते आणि कोणाला पत्ता नसतो. प्रत्येक फेरीत ते घड्याळ लावून घ्या.